ज्याची त्याची चिमी

शिंत्रे बाईंनी केतकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"परवा बघितला तुमचा सिनेमा," त्या म्हणाल्या. "काय सांगू तुम्हाला! घरी गेले तर घास उतरेना. माझी चूक मला लख्ख दिसली हो."

पालकसभा नुकतीच सुटली होती. व्हरांड्यात पालकांची ये-जा चालू होती आणि केतकी इंगवलेला आपण रडणार असं वाटायला लागलं. शिंत्रे बाई तिच्या मुलीच्या, पाचवीतल्या जुईच्या, वर्गशिक्षिका होत्या. जुईला डिस्लेक्सिया होता. डोकं तल्लख, बोलायला लागली की थांबायची नाही, ऐकलेली गोष्ट शब्दनशब्द सांगायची. पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिला दाद द्यायची नाहीत. भ आणि म, घ आणि ध एकमेकांच्या जागी जाऊन बसत. जोडाक्षर आलं की पोरगी घाटात गाडी बंद पडावी तशी जागच्या जागी थांबायची. हे बाईंना समजावून सांगता सांगता केतकी थकली होती. शेवटी तिने तिला येत होतं ते केलं. ती चित्रपट दिग्दर्शित करायची. तिने जुईसारख्याच एका मुलीवर, चिमीवर, 'अडखळ' नावाचा चित्रपट काढला. आणि आज बाई म्हणत होत्या, चूक कळली.

"बाई, तुम्ही असं म्हणालात यातच सगळं आलं," केतकी म्हणाली.

"मी फार ढिली पडले," बाई पुढे म्हणाल्या. "त्या सिनेमातल्या बाई बघा. रोज शाळा सुटल्यावर चिमीला थांबवून घेतात, पान पाठ होईपर्यंत सोडत नाहीत. पोर रडते, तरी सोडत नाहीत. आणि शेवटी ती स्टेजवर उभी राहून अख्खी कविता घडाघडा वाचते! मी तर चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हाच ठरवलं, जुईचे लाड बंद. उद्यापासून तिला तासभर थांबवते. आणि ती तोंडी परीक्षेची सवलत, प्रश्न वाचून दाखवायचे वगैरे, ती यंदा नको. सवलतीनं मूल पांगळं होतं. तुम्हीच तर दाखवलंय."

केतकीनं आपले हात सोडवून घेतले.

"असा प्रसंग माझ्या चित्रपटात नाही, बाई."

"नाही कसा? मी माझ्या डोळ्यांनी पाहिला की!"

"स्टेज नाही. कविता नाही. चिमी शेवटपर्यंत घडाघडा वाचत नाही."

बाईंनी तिच्या दंडावर हलकेच थोपटलं. "दमलायत तुम्ही," त्या मायेनं म्हणाल्या आणि दुसऱ्या पालकांकडे वळल्या.

खरं म्हणजे दोघीही खोटं बोलत नव्हत्या.

साधा पडदा आणि त्यावर सगळ्यांना दिसणारा एकच चित्रपट, ही गोष्ट तोवर मागे पडली होती. कोल्हापुरातल्या सगळ्या चित्रपटगृहांत 'तादात्म्य' आलं होतं. तिकिटाबरोबर प्रेक्षकाला एक हलका चष्मा मिळायचा. चित्र काचेवर उमटायचं, आवाज काड्यांमधून कानात यायचा. याच काड्यांच्या आतल्या बाजूला बारीक संवेदक होते. कानशिलाची नाडी, त्वचेवरचा घाम, डोळ्याच्या बाहुलीचा आकार, पापण्यांची उघडझाप हे सगळं ते टिपत राहायचे. माणूस रंगून गेला की पापण्या कमी लवतात, बाहुल्या मोठ्या होतात. कंटाळला की नजर चौकटीच्या कडेला भटकायला लागते. एवढं विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवीन होतं ते यापुढचं. कलाकारांचे चेहरे, आवाज, लकबी यंत्राला आधीच शिकवलेल्या असत. प्रेक्षकाचं मन उडतंय असं दिसलं, की यंत्र पुढच्या प्रसंगाचे शेकडो पर्याय क्षणात रचायचं, त्यातला या माणसाला धरून ठेवील असा एक निवडायचं, आणि कधीही चित्रित न झालेला तो प्रसंग त्याच नटनट्यांच्या चेहऱ्यांनी त्याच्या डोळ्यांपुढे घडायचा. शेजारच्या खुर्चीत दुसरंच काही घडत असायचं. यंत्राला खरंखोटं, चांगलंवाईट शिकवलेलंच नव्हतं. लक्ष ढळू द्यायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

केतकीला हे माहीत होतं. पण तिच्याशी करार करताना कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं की लहान चित्रपटात यंत्र फार काही करत नाही. गती थोडी वाढवतं, रंग थोडे गडद करतं. 'कथेचा गाभा बदलणार नाही' असं वाक्यही तिने हट्टानं करारात घालून घेतलं होतं. तादात्म्य नको म्हटलं तर चित्रपट दाखवायला जागा नव्हती. पहिल्या खेळाला ती जुईला शेजारी घेऊन बसली तेव्हा तिला तिचाच चित्रपट जसाच्या तसा दिसला. त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं.

आता शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना तिला नवरा आठवला आणि ती रस्त्यातच थांबली.

संग्राम शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर होता. पहिल्या खेळाच्या दिवशी त्याची पाळी होती, म्हणून तो दोन दिवसांनी कामावरच्या मित्रांबरोबर जाऊन 'अडखळ' बघून आला. त्या संध्याकाळी केतकी घरी जीव मुठीत धरून बसली होती. चित्रपटात एक प्रसंग तिने फक्त संग्रामसाठी लिहिला होता. चिमीचा बाप फोनवर आपल्या भावाला सांगतो, "पोरगी छान पास झाली, ऐंशी टक्के!" आणि दाराआड उभी असलेली चिमी ते ऐकते. गेल्या दिवाळीत संग्राम इचलकरंजीच्या थोरल्या भावाशी नेमकं हेच बोलला होता आणि जुईनं नेमकं तसंच ऐकलं होतं. केतकीला ते त्याच्या तोंडावर बोलता आलं नव्हतं. चित्रपटात बोलता आलं. तो चिडेल, भांडेल, कदाचित रडेल, सगळ्याची तयारी तिने केली होती. आणि तो घरी आला ते आइस्क्रीमचा डबा घेऊन, शीळ घालत. "भारी जमलाय सिनेमा," म्हणाला आणि हात धुवायला गेला. तो टाळतोय असं समजून केतकी आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती.

त्या दिवशी घरी पोचल्या पोचल्या तिने त्याला धरलं.

"संग्राम, तुझ्या चिमीचं शेवटी काय होतं?"

"माझ्या? तुझ्याच सिनेमातल्या चिमीचं ना?" तो हसला. "अगं, तो बाप तिला फाउंड्रीत नेतो की! साच्याच्या वाळूत तिच्याकडून अक्षरं गिरवून घेतो. साच्यात अक्षरं उलटी असतात, ती तिला पटापट वाचता येतात. तिथनं तिला गोडी लागते. आमच्यातला तो माने रडला राव. मी म्हटलं, बायकोनं आपल्याला एवढं ओळखलंय, आणि आपण आपलं…"

"अक्षरं उलटी दिसतात म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे! किती वेळा सांगितलं तुला!"

"पण तूच दाखवलंस!"

"मी नाही दाखवलं! मी फोन दाखवला होता. बाप फोनवर भावाला ऐंशी टक्के सांगतो तो."

संग्रामचा चेहरा उतरला. "असलं काही नव्हतं त्यात."

"होतं. त्या वेळी तुझी नजर भटकली असणार. मग यंत्रानं तुला वाळू दिली."

"म्हणजे मी काय केलं? बघायला बसलो ही माझी चूक?" आता तोही चिडला. "आणि दादाला तसं बोललो असलो तरी काय आभाळ कोसळलं? चार माणसांत पोरीचं हसं होऊ नये म्हणून बोललो. तुला सगळ्यांत वाईट आपला नवराच दिसतो."

तिला जे पडद्यावर इतक्या हळुवारपणे सांगता आलं होतं, ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, कुकरच्या शिट्टीत, नुसता आरोप होऊन बाहेर पडलं. संग्राम बाहेर जाऊन गाडी पुसत बसला. केतकीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पुढच्या दिवसांत तर तिची अवस्था आणखी विचित्र झाली. जो भेटेल तो अभिनंदन करायचा आणि प्रत्येकाची चिमी वेगळी निघायची. शेजारच्या काकूंच्या चित्रपटात आई नोकरी सोडून घरी बसते आणि पोरगी सुधारते. काकूंनी तिला जाताजाता तसा सल्लाही दिला. दूधवाल्याच्या चित्रपटात चिमीला एक वैद्य भेटला होता. प्रत्येकाला त्याच्या मनात आधीपासून होतं तेच दिसलं होतं, आणि ते आता केतकीच्या नावावर पक्कं झालं होतं. "तुम्हीच दाखवलंय" हे शब्द ऐकले की तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. वाद घालावा तर कशावर घालायचा? समोरच्यानं पाहिलेलं तिला माहीत नव्हतं, तिने केलेलं त्याला.

आणि जुई. जुई रोज तासभर उशिरा यायची, दप्तर कोपऱ्यात फेकायची आणि आईशी बोलायची नाही. एके सकाळी तिने शाळेचा गणवेश घालायलाच नकार दिला.

केतकी तशीच उठून पुण्याला गेली.

कंपनीच्या कचेरीत तिला निरंजन लाटकर भेटला. करार करताना गोड बोलणारा हाच तो. पस्तिशीचा, सभ्य, चहा स्वतः आणून देणारा. त्याच्यावर ओरडायचं असं ठरवून आलेल्या केतकीला त्यामुळे आणखीच वैताग आला.

"केतकीताई, गाभा बदललेला नाही," तो शांतपणे म्हणाला. "मी स्वतः तपासून घेतलंय. मुलगी आहे, तिची वाचनाची अडचण आहे, शाळा आहे, आईवडील आहेत. प्रत्येक आवृत्तीत आहेत."

"तिला वाचता येत नाही आणि तरी ती आपली आहे, हा गाभा आहे माझा! तुमच्या यंत्रानं तिला सगळीकडे बरं करून टाकलंय."

"यंत्रानं नाही. प्रेक्षकांनी." त्याने मान खाली घातली. "तुमचा शेवट बघा ना. चिमी वर्गात पुस्तक घेऊन उभी राहते. कितीतरी वेळ काहीच होत नाही. मग ती तीन शब्द वाचते, त्यातला एक चुकीचा. आणि खाली बसते. संपलं. त्या शांततेत लोकांची नाडी बघितली तर… लोक वैतागतात हो. नजर पळते. यंत्राला तिथे काहीतरी द्यावंच लागतं."

"लोकांनी वैतागावं म्हणूनच आहे ती शांतता! ती पोर रोज तेवढा वेळ तशी उभी असते."

निरंजन कपातला चमचा उगाच ढवळत राहिला.

"तुम्ही पाहिलात ना? तुमची चिमी कुठे पोचली?"

त्याचे कान लाल झाले. "ती… मोठी होऊन इंजिनिअर झाली."

केतकीला हसू आलं, आणि ते रडण्याच्या इतकं जवळचं होतं की तिने पटकन चहाचा घोट घेतला. "मूळ शेवट कुणालाच दिसत नाही?"

"दिसतो, पण क्वचित. त्या शांततेत ज्याचं लक्ष जरासुद्धा ढळत नाही, श्वास धरून जो बघतो, त्याच्यासाठी यंत्र काही बदलत नाही. बदलायचं कारणच नसतं." मग तो जरा थांबून म्हणाला, "चित्रपटगृहांतून काढून घेता येणार नाही, करार आहे. पण मूळ प्रत तुमची आहे. घरी, शाळेत कुठे दाखवायची तर दाखवा. फक्त चष्म्याशिवाय बघायची आता कुणाला सवय राहिलेली नाही, ताई. अपेक्षा ठेवू नका."

परतीच्या प्रवासात निरंजनचं एकच वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. श्वास धरून जो बघतो. पहिल्या खेळाला जुई तिच्या शेजारी होती. चित्रपट संपल्यावर जुईनं तिचा हात घट्ट धरला होता आणि म्हणाली होती, "आता बाईंना कळेल."

घरी आल्यावर केतकी जुईच्या खोलीत गेली. जुई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"जुई, आपल्या सिनेमात चिमीनं शेवटी किती वाचलं गं?"

"तीन शब्द," जुई भिंतीलाच म्हणाली. "त्यातला 'धरण' तिनं 'घरण' वाचला."

केतकी पलंगाच्या कडेवर बसली. इतक्या लोकांमध्ये तिचा चित्रपट पाहिलेलं एक माणूस निघालं, आणि ते हे.

"मग रागावलीस कशाला माझ्यावर?"

जुई ताडकन उठून बसली. "तू सगळ्यांना दाखवलंस ना? बाईंनी पाहिलं. बाबांनी पाहिलं. काकूंनी पाहिलं. आता सगळ्यांना माहितेय की मला कसं होतं. तरी बाई मला थांबवून घेतात. म्हणतात, चिमीला जमलं, तुला का नाही जमत. चिमीला कुठे जमलं?" तिचा आवाज चिरकला. "आधी मला वाटायचं त्यांना माहीत नाही म्हणून तसं करतात. आता माहितेय, तरी तसंच करतात. म्हणजे ते मुद्दामच करतात."

केतकीनं तिला चष्म्याची, यंत्राची सगळी हकीकत सांगितली. बाईंना दुसराच सिनेमा दिसला, बाबांना तिसराच. जुईनं ती ऐकून घेतली आणि मान हलवली.

"खोटं. माझी समजूत काढायला सांगतेस."

"शपथ."

"मग त्यांना खरा दाखव," जुई म्हणाली आणि परत भिंतीकडे वळली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी हॉल दिला. परीक्षा तोंडावर आली होती आणि जुईची सवलत बंद करण्याचं पत्र शिंत्रे बाई सोमवारी वर पाठवणार होत्या. चित्रकलेच्या खोलीतल्या अडगळीतून एक जुना प्रोजेक्टर निघाला. केतकीनं तो पुसून, वायरी जोडून चालू केला आणि हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर चौकोनी उजेड पडला. पाचवीच्या मुलांना आणि पालकांना बोलावलं होतं. काकूही आल्या. संग्राम पाळी संपवून तसाच आला, केतकीकडे न बघता जुईच्या शेजारच्या खुर्चीत बसला. शिंत्रे बाई पहिल्या रांगेत.

"चष्मे कुठे ठेवलेत?" दोघातिघांनी विचारलं.

"चष्मा नाही," केतकी म्हणाली. "भिंतीवर बघायचं."

"हे कसलं मागासलेपण," मागून कुणीतरी पुटपुटलं.

चित्रपट सुरू झाला आणि थोड्याच वेळात हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. लोकांना रेंगाळलेलं चित्र बघायची सवयच राहिली नव्हती. मुलं एकमेकांना ढकलायला लागली. "हा वेगळाच दिसतोय," एक गृहस्थ बायकोला म्हणाले. "आपला चांगला होता." दोन कुटुंबं उठून गेली. केतकी प्रोजेक्टरपाशी उभी राहून एकेक पाठ मोजत होती आणि निरंजन बरोबर बोलला होता असं तिला पदोपदी वाटत होतं. इथे कुणाची नजर भटकली तरी भिंतीवरचं चित्र त्याच्यासाठी बदलत नव्हतं, ते आपल्या गतीनं पुढे जात होतं.

फोनचा प्रसंग आला. "ऐंशी टक्के!" चिमीचा बाप हसून म्हणाला आणि कॅमेरा दाराआड गेला. केतकीनं संग्रामकडे पाहिलं. त्याने एकदा खिडकीकडे बघितलं, मग जमिनीकडे. जिकडे बघेल तिकडून आवाज येतच होता. शेवटी त्याने मान वर करून भिंतीकडे बघितलं आणि तो प्रसंग संपेपर्यंत तिथून नजर काढली नाही.

मग चिमीच्या बाई आल्या. त्या दुष्ट नव्हत्या. वर्गात पोरं भरपूर, तास संपत आलेला. चिमी पुस्तक धरून उभी राहते, पहिल्या अक्षरापाशी थांबते. बाई घड्याळाकडे बघतात, "बस बाळ, पुढची वाच," म्हणतात. गोड आवाजात. पुढच्या दिवशी तसंच. त्याच्या पुढच्या दिवशीही. शिंत्रे बाईंची पाठ खुर्चीत ताठ होत गेलेली केतकीला मागूनही दिसली.

आणि शेवट आला. वर्ग, चिमी, उघडं पुस्तक. चिमीचे ओठ हलतात, आवाज येत नाही. तिचं बोट एका अक्षराखाली थांबलंय. काहीच घडत नाही. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. खुर्ची करकरली. पोरं हसायला लागली.

"अडकलं वाटतं," एक पालक मोठ्यांदा म्हणाले. "ओ मॅडम, बघा जरा, हँग झालंय."

"बंद करून चालू करा," दुसऱ्यानं सुचवलं आणि तो प्रोजेक्टरकडे यायला उठलाही.

केतकीनं काही बोलण्याआधी पुढच्या रांगांतून जुई उभी राहिली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या निम्म्या चेहऱ्यावर पडला होता.

"अडकलं नाहीये," ती म्हणाली. "ती वाचतेय."

उठलेला माणूस होता तिथेच थांबला. हॉल गप्प झाला. सगळ्यांना ती शांतता आवडली असं नव्हे. कित्येकांच्या कपाळावर आठ्या होत्या, एकजण घड्याळ बघत होता. पण आता सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते. भिंतीवर चिमीनं श्वास घेतला आणि वाचलं, "नदीवर… मोठं… घरण." मग ती खाली बसली आणि उजेडाचा चौकोन पांढरा झाला.

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक मुकाट्यानं उठले. काकू केतकीशी न बोलता गेल्या. एक आई मात्र दारापाशी आपल्या मुलाला विचारत होती, "तुला पण असं होतं का रे कधी?" आणि मुलगा बुटाची नाडी बांधत "मला नाही, त्या ओंकारला होतं," म्हणत होता.

शिंत्रे बाई सरळ केतकीकडे आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"तुम्ही मला फार वाईट रंगवलंय," त्या म्हणाल्या.

केतकीनं त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीवरचं ओझं जरा सरकलं.

"हो," ती म्हणाली. "तुम्हालाच रंगवलंय. पण वाईट नाही, घाईत."

"घाईत? पंचावन्न पोरं असतात माझ्या वर्गात! पोर्शन कुणी संपवायचा? तुमच्या त्या सिनेमात एक पोर उभी आहे, बाकीच्या चोपन्नांचं काय करायचं ते दाखवलंच नाहीत तुम्ही. अर्धवट आहे तो."

"असेल. पण तुम्ही एकदा तरी थांबलायत का तिच्यासाठी?"

"थांबले नाही? रोज तासभर थांबते!"

"तेव्हा तुम्ही तिला पान संपवायला लावता. नुसत्या थांबलात का?"

बाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या, पदरानं कपाळ पुसलं. "मला पहिलाच आवडला होता," त्या हट्टानं म्हणाल्या. "त्यातली पोरगी सुखी होती."

"मलाही आवडला असता, बाई. पण तशी पोरगी आपल्याकडे नाही."

"ते पत्र मी पाठवत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "तोंडी परीक्षा होऊ दे. उशिरा थांबवणंही बंद. पण तो घड्याळाकडे बघायचा प्रसंग साफ चुकीचा आहे. मी कधीच घड्याळाकडे बघत नाही."

"बघता."

"मुळीच नाही! त्यात दाखवलंय, बाई तीनदा बघतात…"

"दोनदा."

"तीनदा! मी मोजलंय."

केतकीनं एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. दोघींचे आवाज चढत गेले. कुठला प्रसंग खोटा, कुठला खरा, कुठे बाईंवर अन्याय झाला आणि कुठे केतकीनं आईला फारच सोवळं दाखवलं, हे बाईंनी तिला बोटं मोजून ऐकवलं. त्यातलं काही तिला झोंबलं, काही पटलंही. दोघीही चिडलेल्या होत्या.

दारात संग्राम जुईचं दप्तर खांद्यावर टाकून उभा होता. तो केतकीशी अजून बोललेला नव्हता आणि त्याचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. जुईनं त्याचं बोट धरलं होतं. तिने आत डोकावून दोघींकडे पाहिलं, पुन्हा एकदा कान देऊन ऐकलं, आणि तिची खात्री पटली. दोघी एकाच सिनेमावरून भांडत होत्या.

"आई," ती ओरडली, "तुमचं भांडण झालं की ये. आम्ही थांबलोय."